फौजदाराचा पंप

फौजदार पोलिसात कधीच नव्हता. पोलिसांवर त्याचा तेवढा विश्वासच नव्हता. तरी आमची सगळी गल्ली त्याला फौजदार म्हणते, कारण त्याच्याशी बोलायला लागलेला माणूस आधी साक्षीदार होतो आणि बोलणं संपेपर्यंत आरोपी. "काय, बरं आहे ना?" एवढं विचारलं तरी तो जागच्या जागी थांबणार आणि डोळे बारीक करून म्हणणार, "का? कुणी काही म्हणालं का?"

न्हाव्याकडे गेला की ब्लेडचा कागद आधी हातात घेऊन बघणार. चहावाल्याकडे गेला की स्वतःचा कप उचलण्याआधी शेजाऱ्याच्या कपात डोकावणार. एकदा पंखा घ्यायला गेला आणि दुकानात तो इतका वेळ चालवून बघितला, की त्याच वाऱ्याने दुकानदाराला डुलकी लागली. तर ह्याला वाटलं, हा माणूस एवढा निर्धास्त कसा? नक्कीच काहीतरी गोम आहे. पंखा न घेताच घरी आला आणि उन्हाळाभर पुठ्ठ्याने वारा घेत बसला.

धंदा त्याचा पिकपचा. खालच्या फरशीच्या वखारीतून फरशा भरायच्या आणि टेकडीवर नवी घरं होताहेत तिथे नेऊन टाकायच्या. गाडी जुनी, पण पोटच्या पोरासारखी जपलेली. फरक इतकाच की पोटच्या पोराला कुणी बदलून नेईल अशी भीती बापाला नसते, फौजदाराला गाडीबद्दल ती रात्रंदिवस होती. गॅरेजवाले चांगला भाग काढून जुना बसवतात, हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं. ऐकलं नसतं तर त्याने स्वतः शोधून काढलं असतं. म्हणून त्याने बायकोची लाल नेलपॉलिशची बाटली उचलली आणि गाडीच्या एकेका भागावर खुणेचा ठिपका दिला. बॅटरीवर ठिपका, स्टेपनीवर ठिपका, आरशामागे ठिपका. बॉनेट उघडलं की इंजिनाला गोवर आल्यासारखं दिसायचं. वहिनींनी ती बाटली मुलीच्या लग्नासाठी घेतली होती. त्यांच्या बोटांना ती त्या दिवशी तेवढी लागली, पुढे सगळी गाडीला.

मुलीचं लग्न म्हटलं की जावई आला. जावई गॅरेजवाला. आता हे म्हणजे फौजदाराच्या घरातच संशयिताने मुक्काम केल्यासारखं. पण पोरगा गुणी, कमी बोलणारा, आणि सासऱ्यासमोर मान खाली घालणारा. मान खाली घालतो म्हणून फौजदाराला त्याचा जास्तच संशय.

त्याच जावयाने गाडीत फेरफार करून दिले. चढावर इंजिन रडत होतं म्हणून जास्त हवा कोंबणारा मोठा टर्बो चढवला, जास्त डिझेल सोडणारे मोठे नोझल घातले, सगळं नव्याने जुळवलं. काम चाललं तेवढे दिवस फौजदार गॅरेजात उलट्या डब्यावर बसून होता. जेवायलाही उठला नाही, डबा तिथेच मागवला. गाडी बाहेर आली ती अशी, की भरल्या फरशांनिशी टेकडी चढताना गुणगुणायला लागली. मी म्हटलं, "बघ, जावयाने काय कमाल केली!"

"तेच म्हणतो मी," फौजदार म्हणाला. "एवढी हलकी पळते म्हणजे आतून काहीतरी काढून घेतलेलं असणार."

थोडे दिवस झाले आणि खरंच गाडीला धाप लागायला लागली. सपाटीवर ठीक. रिकामी ठीक. पण भरून चढाला लागली की अर्ध्यावर दम कोंडायचा आणि बंद पडायची. जावयाने बघितलं. टाकीतलं डिझेल ओढून इंजिनाकडे ढकलणारा एक मुठीएवढा विजेवरचा पंप असतो, तो जुना होऊन जळला होता. त्याने नवा घातला. फौजदाराने त्यावर ठिपका दिला. काही फेऱ्या झाल्या आणि एक दिवस त्याच चढावर नवा पंपही किंचाळला आणि गेला.

झालं. फौजदाराचा खटला उभा राहिला. चहाच्या टपरीवर सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, "जुना पंप घासूनपुसून नवा म्हणून बसवला. गाडी आतून ज्याला माहीत, त्याचाच हात."

"पण ठिपका तुझाच आहे ना त्यावर?" मी विचारलं.

"ठिपका माझाच. म्हणजे ठिपका देण्याआधीच बदलला!"

ह्यावर कुठलं कोर्ट काय बोलणार?

त्याच दुपारी मुलगी माहेरी आली. मी फौजदाराच्याच ओट्यावर बसलो होतो. उठून जावं असं मनात आलं, पण गुडघे दुखत होते. माझे गुडघे अशाच वेळी दुखतात.

"बाबा, टपरीवर काय बोललात?"

"कोण सांगतं?"

"ते सोडा. बोललात की नाही?"

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही."

"जावई एकच आहे तुम्हाला!"

वहिनी आतून पाणी घेऊन आल्या, पण ते कुणी घेतलं नाही. मुलगी उभीच होती. बापाचंच नाक, बापाचेच बारीक होणारे डोळे.

"ऐका," ती म्हणाली. "ह्या वेळी पंप तुम्ही निवडा. जा, बघा, हुंगा, चाटा, काय करायचं ते करा. ते नुसता बसवून देतील. पण हाही गेला आणि तुम्ही पुन्हा त्यांच्याकडे बोट दाखवलंत, तर ह्या उंबऱ्याच्या आत मी पाऊल ठेवणार नाही. आणि तुमचीच मुलगी आहे मी. एकदा धरलं की सोडत नाही."

ती गेली. फौजदाराने तो पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिताच खाली ठेवला. एकुलती एक पोर. दर आठवड्याला येऊन बापाचे पांढरे केस ओढणारी, त्याच्या संशयाची नक्कल करून त्यालाच हसवणारी. जगात ह्या माणसाला हसवू शकणारी तेवढी एकच होती.

"काका," तो मला म्हणाला, "उद्या दुकानात माझ्याबरोबर चला."

"मला पंपातलं काय कळतं?"

"काही कळत नाही म्हणूनच. तुम्हाला कुणी फोडणार नाही."

पार्टच्या दुकानदाराला आम्ही मधुमेह म्हणतो, इतका तो गोड बोलतो. त्याने आम्हाला स्टुलांवर बसवलं आणि काउंटरवर ओळीने पंप मांडले. एक कंपनीचा साधा, जसा गाडीत मूळचा येतो. एक त्याहून जरा दणकट, फेरफार केलेल्या इंजिनांसाठीचा. आणि एक भला मोठा, चकचकीत, त्याच्या खोक्यावर ज्वाळा काढलेल्या.

"हा साधा तुम्हाला पुरणार नाही," मधुमेह म्हणाला. "इंजिनाची भूक वाढवलीय तुम्ही. मधला घ्या. कालच जावईबापू येऊन गेले. तेही म्हणाले, सासऱ्यांना मधलाच चालेल, पण मी सांगितलं असं सांगू नका."

बिचारा मधुमेह. गोड बोलता बोलता सगळं सांगून बसला.

फौजदाराने मधला पंप असा खाली ठेवला, जसा काही तो गरम होता. "असं? काल आले होते?" मग माझ्या कानाशी, "बघितलंत? मधल्यात काहीतरी आहे."

मग तपास सुरू झाला. खोक्याची चिकटपट्टी आधी कुणी उघडलीय का, ते नखाने बघितलं. होलोग्राम उन्हात नेऊन वाकडातिकडा केला. पंप तळहातावर तोलला, कानाशी हलवला, नाकाशी नेला. मला म्हणाला, "हुंगा." मी हुंगलं. रबराचा वास आला. "रबराचा," मी म्हटलं. "नव्या की जुन्या?" आता हे माझ्या नाकाला कधी कुणी विचारलं नव्हतं.

शेवटी बॅटरी मागवून त्याने तिन्ही पंप चालवून ऐकले. डॉक्टर छातीला लावतो तसा कान लावून. मधुमेह घाम पुसत उभा.

"एक विचारू का?" तो हळूच म्हणाला. "तुमचे पंप लागोपाठ जातात म्हणजे दोष पंपाचाच असेल असं नाही. ढकलायला पंप जबरदस्त, पण ओढायला लावलं की मरतो. टाकीपासून पंपापर्यंत वाटेत कुठे अडथळा आहे का? जाळी, चिमटलेली नळी, असलं काही?"

फौजदार ज्वाळांच्या खोक्याकडे बघत होता. त्याचे कान मात्र हळूहळू लाल झाले. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. त्याचे कान असे उगाच लाल होत नाहीत.

"काही नाही," तो म्हणाला. "सरळ वाट आहे. हा मोठा बांधा."

आता मला इथे एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हाताऱ्याने लपवली. फौजदार गाडी लावली की लगेच उतरत नाही. आधी सीटखाली वाकतो, हात घालतो, काहीतरी करतो, इकडेतिकडे बघतो आणि मगच उतरतो. निघतानाही तेच. आता चांगला संसारी माणूस सीटखाली हात का घालेल? मी काही म्हटलं नाही. मी फक्त न्हाव्याला विचारलं, "तुला काय वाटतं?" न्हाव्याला एखादी गोष्ट वाटली की दिवस मावळायच्या आत ती सगळ्या गल्लीला वाटते. वहिनींच्या कानावरही ते गेलं असणार, कारण अलीकडे त्या फौजदार घरात आला की त्याच्या श्वासाच्या वाऱ्यावर उभ्या राहायला लागल्या होत्या.

जावयाने मोठा पंप बसवला. पंपाखेरीज डॅशवर एक दाब दाखवणारा छोटा काटाही लावला. बसवताना गाडीखालून विचारलं, "बाबा, ही नळी ह्या लोखंडी पाइपातून आत कुठे जाते? पत्रा उघडून बघू का?"

"तो कंपनीचा आहे," फौजदार डब्यावरून गरजला. "दगड लागू नये म्हणून. त्याला हात लावायचा नाही, जावईबापू!"

पोरगा थांबला. दुसरा कुणी असता तर पाना घालून बघितलाच असता. पण सासरा म्हणतो कंपनीचा, म्हणजे कंपनीचा. संशय घेणं त्या पोराला जमतच नाही, हा त्याच्यातला मोठा दोष.

परीक्षेच्या दिवशी वखारीत गाडी खच्चून भरली. मुलगी येणारच होती. म्हणाली, जे होईल ते माझ्या डोळ्यांसमोर होऊ दे. आणि अचानक वहिनीही पर्स घेऊन तयार.

"तू कशाला?" फौजदाराने विचारलं.

"वर हवा छान असते म्हणे."

लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या बाईने पिकपमध्ये पाय ठेवला नव्हता. मी दुसरीकडे बघितलं.

पुढे फौजदार, मध्ये वहिनी, दाराशी जावई. मागे हौद्यात फरशांवर गोणपाट टाकून मी आणि मुलगी. वहिनी चढायच्या आधीच फौजदार आत बसून तयार होता, हे मात्र मी टिपून ठेवलं. मधल्या काचेतून मला सगळं दिसत होतं.

चढ सुरू झाला. पहिली वळणं झकास गेली. फौजदाराची मान ताठ झाली. मोठ्या वळणाशी आलो, जिथे रस्ता अंगावर येतो, आणि इंजिनाने जोर मागितला. खालून पंपाचा आवाज चढायला लागला. आधी गुणगुण, मग किटलीची शिट्टी, मग मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा. जावई काट्याकडे बोट दाखवत होता. काटा खाली, आणखी खाली. गाडी थरथरली आणि मोठ्या वळणाच्या ऐन पोटात उभी राहिली.

जावयाने उडी मारून चाकांना दगड लावले. मुलगी हौद्यात उभी राहिली. तिने पदर कमरेला खोचला. फौजदार दार उघडून खाली उतरला. चेहरा लाल. जावयाकडे बघून त्याचा हात वर उठला, बोट पुढे आलं. "जावईबापू, आता मात्र..."

"अहो!"

ही वहिनींची हाक. आतून. अशी, की वळणावरचे कावळे उडाले.

"अहो, उतरताना सीटखाली काय केलंत?"

फौजदाराचं बोट हवेत तसंच राहिलं. सवय हो. गाडी बंद पडलेली, डोकं तापलेलं, खटला ऐन रंगात आलेला, तरी उतरण्याआधी त्याचा हात आपसूक सीटखाली गेला होता. आणि ह्या वेळी बघायला शेजारी बायको होती.

"काही नाही," फौजदार म्हणाला.

"मला सगळं माहीत आहे! सगळी गल्ली बोलते! आज दाखवतेच मी ह्यांची बाटली!" वहिनी सीटखाली वाकल्या. पर्स पडली. आत खडखड झालं. मग वेगळ्याच आवाजात त्या म्हणाल्या, "अगंबाई. इथे नळ आहे!"

"नळ?" मुलगी म्हणाली.

"आपल्या न्हाणीघरातला जुना! पितळेचा! तो गेला म्हणून मी प्लंबरला शिव्या घातल्या होत्या!"

जावई आत डोकावला. सीट उचलली. टाकीतून आलेली नळी त्या लोखंडी पाइपातून वर येत होती, नळातून जात होती आणि पुन्हा खाली पंपाकडे उतरत होती. नळाचं भोक म्हणाल तर करंगळीही जाणार नाही. त्याने नळाकडे बघितलं, मग सासऱ्याकडे.

"बाबा, हा कुणी बसवला?"

आता काय सांगू! अजूनही फौजदाराला सुटायची वाट दिसत होती. त्याचे डोळे बारीक झाले, कपाळाला आठ्या पडल्या. "कुणी बसवला कोण जाणे," तो म्हणाला. "आजकाल कुणाचा भरवसा... आधीच्या मालकाने, नाहीतर गॅरेजमध्ये कुणीतरी..."

वहिनींनी नळाची मूठ अंगठ्याने पुसली. मग तिच्यावर ऊन पडेल एवढं दार उघडलं आणि सगळ्यांना दाखवलं.

मुठीवर लाल ठिपका होता.

"माझं नेलपॉलिश," वहिनी म्हणाल्या.

मी एवढं आयुष्य काढलं, पण स्वतःच्या पुराव्यात स्वतःच सापडलेला फौजदार पहिल्यांदा बघितला. त्याचे कान, गाल, मान, सगळं एका रंगाचं झालं. ठिपका त्यात दिसेनासा झाला असता.

मग सगळं बाहेर आलं. फेरफार व्हायच्या कितीतरी आधी, पलीकडच्या गल्लीतून कुणाची तरी गाडी चोरीला गेली होती. तेव्हापासून ह्याला झोप नाही. म्हणून एका रविवारी, कुणी नसताना, ह्याने स्वतःच्या हाताने नळ बसवला. उतरताना बंद करायचा. चोराने गाडी नेली तरी कोपऱ्यापर्यंत जाऊन बंद पडणार. तेव्हाचं इंजिन घोट घोट पिणारं, त्याला तेवढी धार पुरायची. जावयाने इंजिनाची तहान वाढवली आणि गळ्यात हा नळ तसाच. जो पंप येई तो रिकामं ओढून ओढून तापे आणि मरे.

"मग मला सांगितलं का नाहीत?" जावयाने विचारलं. रागाने नाही. त्याला खरंच कळत नव्हतं.

"सांगितलं असतं तर..." फौजदार थांबला. मुलगी हौद्यातून खाली उतरून त्याच्या समोर उभी होती. "सांगितलं तर ते गुपित कसलं?"

"चोरापासून लपवायचं होतं ना, बाबा?"

"हो."

"मग ह्यांच्यापासून का लपवलंत?"

ह्याचं उत्तर त्याच्याकडे होतं, ते त्यालाही माहीत होतं आणि तिलाही. रस्त्याकडेला नुसता वारा वाहत होता. वर हवा छान असते, हे वहिनींचं म्हणणं खरं निघालं.

फौजदार आत वाकला. खिशातून पाना काढून त्याने स्वतःच नळ सोडवायला सुरुवात केली. डिझेल बाहीवर ओघळत होतं. जावयाने पुढे होऊन नळीचं टोक धरलं. दोघांनी मिळून नळ काढला, नळी सरळ जोडली, क्लिपा आवळल्या. नळ फौजदाराने वहिनींच्या हातात दिला. त्यांनी तो रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला. त्याचा पुढे काय उपयोग केला ते मला कळलं नाही, पण भांडण झालं की तो टेबलावर येतो असं न्हावी म्हणतो.

गाडी निघाली. उरलेला चढ अशी चढली, की मागे मला दोन्ही हातांनी कड धरावी लागली.

वर फरशा टाकून टेकडी उतरताना जावई म्हणाला, "आता दाब फार येतोय, बाबा. काटा पार वर टेकलाय. हा पंप गाडीला मोठा आहे, आणि कोरडं ओढून त्याचंही आतून झिजलंय. बदलावा लागेल."

मी काचेतून बघत होतो. फौजदाराचे डोळे सवयीने बारीक झाले. बदलावा लागेल म्हणतो म्हणजे... मग त्याने आरशात बघितलं. आरशात मुलगी होती.

गाडी सरळ मधुमेहाच्या दुकानासमोर उभी राहिली. फौजदाराने किल्ली काढली आणि जावयाच्या हातात दिली. ती किल्ली मी आजवर दुसऱ्या कुणाच्या हातात बघितली नव्हती.

"जा. कुठला घ्यायचा तो तू घे," तो म्हणाला. "मी बाहेर बसतो."

आणि बसला हो! बाकावर, माझ्या शेजारी, दुकानाकडे पाठ करून. आतून बोलणं ऐकू येत होतं, खोकी सरकल्याचे आवाज येत होते. ह्याची बोटं मांडीवर नाचत होती. एकदा अर्धा उठला आणि पुन्हा बसला. दात काढताना माणूस खुर्चीचा हात धरतो, तसा त्याने बाकाचा दांडा धरला होता.

"जाऊन नुसता होलोग्राम तरी बघ," मी म्हटलं. मला राहवत नाही.

"काका, गप्प बसा," तो म्हणाला.

जावई मधला पंप घेऊन आला. खोकं फौजदाराच्या मांडीवर ठेवलं. त्याने ते उघडलं नाही. दोन्ही हातांनी धरून गॅरेजपर्यंत नेलं.

ह्या गोष्टीला बरेच दिवस झाले. पंप अजून चालतोय. मुलगी दर आठवड्याला येते, बापाचे केस ओढते, आणि नळ सापडला त्या वेळची त्याची नक्कल करते, तेव्हा तो तिच्याआधी हसतो. पण मला आपलं वाटत राहिलं की माणूस एवढा बदलत नाही. नव्या पंपावर ठिपका असणारच. म्हणून काल गाडी गॅरेजात उभी होती, कुणी आसपास नव्हतं, तेव्हा माझे ते दुखणारे गुडघे मी जमिनीला टेकले आणि खाली वाकून बघितलं. बॅटरीवर ठिपका, स्टेपनीवर ठिपका. पंप अगदी कोरा. मी बोटाने पुसूनही बघितला, पाठीमागेही बघितला. कुठेच नाही.

"आजोबा, काय शोधताय?" मागून जावयाचा आवाज आला.

"चष्मा पडला रे," मी म्हटलं.

तो माझ्या नाकावरच होता. पण पोराने संशय घेतला नाही. मला हात देऊन उठवलं, आणि माझ्याबरोबर सगळं गॅरेज शोधत राहिला.